गावात पोरांची युवा सभा सुरू केली, वर्ष झालं. तुमच्याकडे कुणी केलंय का?

मार्कंडेयकाठ

नमस्कार मंडळी. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचं आमचं गाव. नाव लिहीत नाही, पंचायतीतल्या कुणावर बोट ठेवायचा हेतू नाही. पण जे घडलं ते सांगावंसं वाटतंय, आणि पुढचं तुम्हाला विचारायचं आहे.

गेल्या वर्षी गणपतीत आमच्या मंडळाच्या पोरांनी तीन दिवसांत मांडव उभा केला. वर्गणीची पावती न पावती जुळली, हिशेबाचा कागद विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या भिंतीवर लागला. त्याच देवळाच्या मागच्या गल्लीत पाच महिने दिवा नव्हता. पोरी क्लासवरून येताना मोबाईलची बॅटरी लावून यायच्या. त्या गल्लीत मंडळाची निदान दहा पोरं राहतात. मांडवाला झगमगाट करणाऱ्या आमच्यापैकी एकालाही हा दिवा आपण विचारायचा असतो असं सुचलं नाही.

नंतर ग्रामसभा झाली. बाबांना ताप होता म्हणून मी गेलो. वय २४, आणि आयुष्यातली पहिली ग्रामसभा. समुदाय भवनात तीसेक माणसं. माझ्यानंतरचा तरुण माणूस पंचेचाळीसच्या पुढचा. दारात हजेरीवर सही घेतली, आत नडावळी म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं गेलं, कन्नडमध्ये आणि भराभर. शेजारचे काका म्हणाले, 'सही झाली न्हवं, मग बस की गप.' सभा संपल्यावर मी ती वही मागितली. दिली. नाही म्हणाले नाहीत, हेही सांगायला पाहिजे. माझं शिक्षण मराठी शाळेत, कन्नड एक विषय म्हणून दहावीपर्यंत होता. बोट ठेवून ठेवून वाचत गेलो. एका ओळीत 'बीदि दीप', म्हणजे रस्त्यावरचा दिवा, असं दिसलं, पुढे आमच्याच गल्लीचं नाव, आणि शेवटी 'अनुमोदिसलायितु'. म्हणजे मंजूर. मागच्या सभेतच मंजूर झालेलं! काम का झालं नाही, तर कुणी परत विचारायला गेलंच नाही. वायरमनला वाटलं पंचायत सांगेल, पंचायतीला वाटलं सांगून झालंय.

चौथ्या दिवशी दिवा लागला. फक्त विचारल्यावर.

त्या रात्री कट्ट्यावर बसून ठरवलं. दर गल्लीतून दोघं, एक मुलगा आणि एक मुलगी, वय १५ ते २९. गल्ल्या अकरा, म्हणजे बावीस जण. अध्यक्ष नाही. दर महिन्याला एक जण सभा चालवतो, एक जण वही लिहितो, पुढच्या महिन्याला दोघंही बदलतात. पहिलं काम म्हणजे गावातला प्रत्येक खांब मोजला आणि ऑइल पेंटने नंबर टाकला. आता 'तिकडचा दिवा गेलाय' असं कुणी सांगत नाही, 'चौतीस नंबर गेलाय' असं सांगतात. वायरमनसुद्धा खूश आहे.

पण वर्ष झाल्यावर अडलंय. बावीसपैकी येतात नऊ-दहा. मुली जवळपास बंदच झाल्या. वॉर्डसभा कधी होते ते आम्हाला झाल्यावर कळतं. आणि काही मोठी माणसं म्हणतात, ही पोरं पुढच्या इलेक्शनची तयारी करतायत. तुमच्या गावात कसं चालतं? मनापासून विचारतोय.

उद्यमबाग दुसरी पाळी

पहिल्यांदा अभिनंदन. खांबाला नंबर ही गोष्ट उद्याच आमच्या पोरांना सांगतो.

पोरं का येत नाहीत ते मी सांगतो, कारण मी त्यातलाच. आमच्या गावातली निम्मी पोरं फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये. वॉर्डसभा ठेवतात बुधवारी सकाळी अकराला. पहिली पाळीवाला कामावर, तिसरी पाळीवाला झोपेत. रजा टाकली तर हजेरीचा बोनस जातो. मग सभेला कोण उरतं? म्हातारी माणसं आणि ज्यांना घरकुलाच्या यादीत नाव पाहिजे ते.

वॉर्डसभा सहा महिन्यांतून एकदा घ्यायचीच असते, आणि तिथे अध्यक्ष आपल्या वॉर्डाचा मेंबरच असतो. मेंबर म्हणजे कोण? आपल्याच गल्लीतला दादा नाहीतर वहिनी. आम्ही बारा जणांनी सह्या करून दिलं, सभा रविवारी घ्या. एकदा हो म्हणाले, घेतली, साठ माणसं आली. पुढच्या वेळी परत बुधवार. परत अर्ज दिला. ही चिकाटी लागते बघा. एकदा अर्ज देऊन सुटलो असं होत नाही.

खानापूरची लेक

मुली बंद झाल्या असं लिहिलंय, त्यावर मला सविस्तर लिहायचं आहे.

मार्कंडेयकाठ, तुमची सभा किती वाजता आणि कुठे भरते? तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी सांगते. रात्री नऊनंतर, देवळाच्या कट्ट्यावर किंवा मंडळाच्या खोलीत. बरोबर? आमच्याकडेही तसंच होतं. अठरा वर्षांच्या मुलीने रात्री नऊला घरात 'सभेला जाते' म्हणून सांगून बघावं. आई पाठवत नाही, आणि आईचं चुकतं असंही मी म्हणणार नाही. गल्लीत पाच महिने दिवा नव्हता हे तुम्हीच वर लिहिलंय.

आम्ही सभा रविवारी सकाळी दहाला केली, अंगणवाडीच्या खोलीत. अंगणवाडीताई आणि बचतगटातल्या दोन काकू शेजारच्या खोलीत बसतात. आमच्यात बोलत नाहीत, फक्त असतात. त्या आहेत म्हटल्यावर घरून परवानगी मिळायला लागली. चार मुलींच्या चौदा झाल्या. दुसरी गोष्ट म्हणजे, सुरुवातीला मुलींना 'वही लिहा' एवढंच काम होतं. अक्षर छान म्हणून! आम्ही ठरवलं की चिठ्ठी टाकून काम वाटायचं. पहिल्यांदा सभा चालवताना माझा आवाज कापत होता. हातातला कागद हलतोय हे सगळ्यांना दिसत होतं. तिसऱ्या वेळी कागद लागला नाही.

आता बसची गोष्ट. कर्नाटकात मुलांची ग्रामसभा असते हे किती जणांना माहीत आहे? मक्कळ ग्रामसभा म्हणतात. मुळात कुंदापूरच्या बाजूला काम करणाऱ्या मुलांच्या पंचायती झाल्या होत्या, त्यातून ही कल्पना वाढली, आणि २००६ साली सरकारने आदेश काढून सगळ्या पंचायतींना वर्षातून एकदा ती घ्यायला सांगितली. साधारण नोव्हेंबरमध्ये, बालदिनाच्या आसपास होते. अठराच्या आतली मुलं बोलतात आणि पंचायतीने उत्तर द्यायचं असतं. आमच्याकडे बरीच वर्षं ती म्हणजे स्वागतगीत, दोन भाषणं, बिस्किटाचा पुडा आणि फोटो.

दोन वर्षांपूर्वी आठवी ते दहावीच्या मुलींना घेऊन आम्ही आधी तयारी केली. काय मागायचं ते त्यांनीच ठरवलं. आम्हाला वाटलं होतं शौचालय म्हणतील, त्या म्हणाल्या बस. सकाळची बस शाळेच्या वेळेला जमत नव्हती. एक तर पाऊण तास आधी गेटवर उभं राहायचं, नाहीतर पहिला तास बुडवायचा. सरकारच्या शक्ती योजनेत २०२३ पासून बायका-मुलींना बसचं तिकीट नाही, चांगलंच आहे, पण बसच वेळेवर नसेल तर फुकट कशात बसायचं? मुलींनी पंधरा दिवस रोज वहीत बस किती वाजता आली ते लिहिलं. कुणाची गेली, कुणाला ट्रॅक्समधून यावं लागलं, पावसात कोण भिजलं, सगळं. मक्कळ ग्रामसभेत आठवीतल्या एका मुलीने ती वही उभी राहून वाचली. भवनात शांतता. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी वही मागून घेतली.

बस काही पंचायतीच्या हातात नसते, डेपोच्या असते. पण पंचायतीने ठराव करून डेपोला पत्र दिलं, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. साडेतीन महिने लागले. बसची वेळ वीस मिनिटांनी शाळेच्या वेळेकडे सरकली. वीसच मिनिटं, पण पहिला तास मिळतो.

म्हणून म्हणते, मुलींना 'या' म्हणून बोलावू नका. त्यांचा प्रश्न पहिला घ्या, मग बघा.

मार्कंडेयकाठ

ताई, तुमचं वाचून खाली मान गेली. हो, रात्री साडेनऊ, मंडळाची खोली. आम्ही कधी विचारच केला नाही. पुढची सभा रविवारी सकाळी घेतो. अंगणवाडीताईंना उद्याच भेटतो.

चंदगडी

मी सीमेच्या अलीकडचा, महाराष्ट्रातला, चंदगड तालुका. आमच्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा ठरलेल्या ग्रामसभा, इतिवृत्त मराठीत. तरी पोरं येत नाहीत. त्यामुळे भाषा हेच एक कारण असेल असं वाटत नाही. मुलांच्या ग्रामसभेबद्दल मात्र तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे.

जुना कार्यकर्ता

मी साठीचा आहे. तरुणपणी लाठ्या खाल्ल्या आहेत, १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत आजही चालतो. तुमचा उत्साह बघून आनंद झाला, पण एक गोष्ट मनात टोचते ती बोलतो.

१९५६ मध्ये आपला मराठी भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, ती जखम आमच्या पिढीने वाहिली. या सीमावादावर महाजन आयोग आला, २००४ साली महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा घातला, अजून निकाल नाही. या सगळ्यात मराठी माणूस एकत्र राहिला तो भाषेवर. आता पोरं कन्नड नडावळी वाचायला शिकतात, कन्नडमध्ये अर्ज करतात. उद्या मराठीत मागायची सवयच गेली तर? पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यावेत हे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केलं आहे. आपल्या गावांत आपण पंधरा टक्के नाही, बहुतेक ठिकाणी सगळेच आपण. तो हक्क सोडून दिव्याच्या मागे लागलो तर मोठी गोष्ट हातची जाईल, ही भीती आहे. रागावू नका.

मार्कंडेयकाठ

काका, रागावणार कसा? माझे आजोबा तुमच्याच फेरीत चालायचे.

आम्ही काय करतो ते सांगतो. प्रत्येक अर्ज मराठीत लिहितो, खाली कन्नड भाषांतर जोडतो. पोच घेताना शिक्का मराठी पानावर घेतो. आजवर एकदाच परत केला. तेव्हा पंधरा टक्क्यांचंच कारण लिहून परत दिला, घेतला. म्हणजे तुम्ही जे सांगता तो हक्क आम्ही वापरतोय, काका. तो वापरायला सभेत हजर असावं लागतं.

आणि नडावळी वाचता येत नव्हती तेव्हा आमच्या नावावर काय मंजूर होतं ते आम्हाला कळत नव्हतं. यात कुठला अभिमान? वाचायला लागल्यावर एक गंमत कळली. ठराव कन्नडमध्येही ठरावच. जमा, खर्चु, तालूकु, जमाबंदी, सगळे ओळखीचे. नवे शब्द शिकायला लागले ते वीसेक, त्यात चरंडी म्हणजे गटार आणि कुडियुव नीरु म्हणजे प्यायचं पाणी. एका आठवड्यात होतं. आमची एक मुलगी प्रत्येक नडावळीचं मराठी करून देवळाच्या भिंतीवर लावते, वर्गणीच्या हिशेबाशेजारी. गावातली म्हातारी माणसं उभी राहून वाचतात. तुम्ही या एकदा बघायला.

जुना कार्यकर्ता

येतो. मराठी भिंतीवर लागतं म्हटल्यावर यायलाच पाहिजे. माझ्याकडे त्या १९५६ च्या पत्रकाची जुनी छापील प्रत आहे, ती झेरॉक्स करून आणतो. पोरांनी अर्जाला जोडावी.

निपाणीकर

इलेक्शनच्या आरोपाबद्दल. आमच्याकडे नेमकं हेच झालं आणि त्यात आमची युवा सभा मोडली.

कर्नाटकात ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं. साधारण चारशे लोकसंख्येमागे एक मेंबर, म्हणजे वीस-तीस मतांवर निकाल फिरतो. अशा ठिकाणी वीस संघटित पोरं दिसली की सगळ्यांचा डोळा तिकडे जातो. आमच्याकडे एकाने क्रिकेटचं किट दिलं, दुसऱ्याने टी-शर्ट, पाठीवर स्वतःचा फोटो. पोरं दोन तुकड्यांत वाटली. मैदानावरसुद्धा एकमेकांशी बोलेनात. सख्खे चुलतभाऊ.

आता परत जुळवतोय. या वेळी पहिल्याच पानावर लिहिलंय की कुणाकडून वस्तू घ्यायची नाही, पाण्याची बाटलीसुद्धा. आणि जो निवडणुकीला उभा राहणार त्याने आधी युवा सभा सोडायची. उभं राहणं वाईट असं आम्ही म्हणत नाही. वय २१ झालं की कुणीही उभं राहावं, अर्ध्या जागा तर बायकांच्याच आहेत, आमच्यातल्या मुली उभ्या राहिल्या तर मला अभिमान वाटेल. पण युवा सभा कुणाची शिडी होऊ नये.

निवृत्त मास्तर

मुलांनो, तुम्ही दिवे आणि बस यांवर बोलताय ते योग्यच आहे. पण पैशाचं पान उघडल्याशिवाय पंचायत कळत नाही. मी चौतीस वर्षं शिकवलं, पण हे निवृत्तीनंतर शिकलो.

पंधराव्या वित्त आयोगाचा निधी पंचायतीला मार्च २०२६ पर्यंतच्या काळासाठी होता, त्यातला साठ टक्के बांधील होता. तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा असे. उरलेला चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे. 'पैसे नाहीत' असं उत्तर मिळालं की विचारायचं, कुठल्या पैशातले नाहीत? व्यायामशाळा मागाल तर बांधील निधीतून मिळणार नाही. गटार मागाल तर मिळू शकतं. आणि पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबरपासून सुरू होणाऱ्या मोहिमेच्या काळात तयार होतो. मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणारी पोरं मी दरवर्षी बघतो. गाडी गेलेली असते. रताळी काढून झाली की लगेच मागण्यांच्या यादीला बसा, एवढं लक्षात ठेवा.

तोंडी विचारून उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकार आहे. कर्नाटकात दहा रुपये फी. एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत. मुलं तीन-तीन पानं लिहितात, त्यात रागच जास्त, मग अर्ज परत येतो. आमच्या वाचनालयात एका मुलाने लिहिलेला अर्ज मला आवडला: 'अमुक वर्षी अमुक गल्लीच्या गटाराच्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप वही व बिलाची प्रत मिळावी.' संपलं. एक ओळ. प्रती आल्या, मुलांनी टेप घेऊन गटार मोजलं, कागदाशी बरोबर भरलं. मग तीच मुलं ठेकेदाराला जाऊन 'काम चांगलं झालं' म्हणून सांगून आली. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तपासणं म्हणजे चोर पकडणं असं समजू नका.

पंचायतीचं वाचनालय, आता अरिवु केंद्र म्हणतात, तिथे बसायला मागा. जागा सरकारी, कुणाच्या गटाची नाही.

पुण्यातून गावाकडे

मी नंदगड भागातली, सध्या पुण्यात नोकरी. गावाला वर्षातून तीनदा येणं होतं. वाचून वाईट वाटलं की मी यातलं काहीच करत नाही. लांबून काय करता येईल?

खानापूरची लेक

खूप आहे गं! आमच्याकडे नडावळीच्या पानांचे फोटो येतात, त्यांचं मराठी टायपिंग करायला माणूस नाही. ते तू कर. आणि गावातल्या सतरा वर्षांच्या सगळ्या मुलामुलींना फोन करून मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म ६ भरायला लाव. आता अर्ज आधीच करता येतो आणि वर्षातून चार तारखा आहेत, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. यादीत नाव नसेल तर ग्रामसभेत बसलं तरी मत धरत नाहीत. तुला फोनवर जमेल, आम्हाला घरोघर फिरावं लागतं.

पुण्यातून गावाकडे

दोन्ही घेते. आजच पाठव पानं.

उद्यमबाग दुसरी पाळी

आमच्या वॉर्डाला परत बुधवारची नोटीस लागली आहे. आज तिसरा अर्ज दिला. मास्तरांनी सांगितलं तसं एका ओळीत.

मार्कंडेयकाठ

सगळ्यांचे आभार. आज एवढंच कळवतो. अंगणवाडीताई हो म्हणाल्या. काल नोटीस लावली, रविवारी सकाळी दहा. खाली वेगवेगळ्या शाईत सात मुलींनी स्वतःची नावं लिहिली आहेत, आणि एकीने नावापुढे विषयही लिहिलाय: 'शाळेमागच्या बोअरचं पाणी लाल येतंय.' तो पहिला घेतोय. पाणी तपासायला बाटली कशी भरायची, कुठे द्यायची, हे कुणी केलं असेल तर रविवारच्या आत इथे लिहा.

निवृत्त मास्तर

स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्या. बोअर आधी थोडा वेळ चालू ठेवा, मग काठोकाठ भरा. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा आणि त्याच दिवशी पोचवा. पाण्यात जंतू आहेत का हे बघायचं असेल तर त्याची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागते, घरची चालत नाही. पंचायतीत पाणी तपासायचं किट असतं, आधी ते मागा. शनिवारी फोन करा, मी येतो.